पॅक्स६: एकच जनुक डोळा, मेंदू आणि स्वादुपिंड कसं घडवतं?

तिरीप

'अमक्या रोगाचं जनुक सापडलं' या बातमीवर दुसऱ्या धाग्यावर जी चर्चा झाली, तिच्यात एक समज पुन्हा पुन्हा डोकावत होता: जनुक म्हणजे प्रथिनाचा आराखडा, आराखडा चुकला की प्रथिन बिघडतं, प्रथिन बिघडलं की रोग. हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनापुरतं हे बऱ्यापैकी चालून जातं. पण काही जनुकांचं काम इतर जनुकांना चालू-बंद करणं हेच असतं. त्यांच्यापासून ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर बनतात, आणि तिथे हा समज तोकडा पडतो. प्रथिन कसं आहे याइतकंच ते किती बनतं, कुठे बनतं, कधी बनतं याला महत्त्व येतं. आणि हा सगळा हिशेब जनुकाच्या रचनेतच असतो, फक्त आराखड्याच्या ओळींबाहेर. मला हे सगळ्यात लख्ख दिसलं ते पॅक्स६मध्ये, म्हणून हा धागा.

माणसाचं पॅक्स६ ११व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतं. अ‍ॅनिरिडिया नावाच्या डोळ्याच्या विकाराचा माग काढता काढता १९९१ मध्ये ते हाती लागलं. त्याचं नेहमीचं प्रथिन ४२२ अमिनो आम्लांचं. माणसाचं आणि उंदराचं हे प्रथिन तंतोतंत सारखं आहे, ४२२मधलं एकही अमिनो आम्ल वेगळं नाही. इतक्या कोटी वर्षांत निसर्गाने जिथे एका अक्षराची ढिलाई खपवून घेतली नाही, तिथे काहीतरी फार मोलाचं असणार हे उघड आहे.

प्रथिनाच्या सुरुवातीला १२८ अमिनो आम्लांचा 'पेअर्ड डोमेन' (डोमेन म्हणजे प्रथिनाचा ठराविक काम करणारा भाग), मग एक जोडपट्टी, मग साठेक अमिनो आम्लांचा 'होमिओडोमेन' आणि शेवटी प्रोलिन, सेरीन, थ्रिओनिन यांनी गच्च भरलेली शेपटी. दोन्ही डोमेन डीएनएला धरतात. जिथे पकड बसली तिथलं जनुक वाचणारी यंत्रणा बोलावण्याचं काम शेपटीचं.

खरी मजा पेअर्ड डोमेनमध्ये आहे. त्याचेही दोन तुकडे आहेत आणि दोन्हींना डीएनए धरता येतो. एरवी मुख्य पकड पुढच्या तुकड्याची. पण या जनुकात '५ए' नावाचा एक चिमुकला एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा आराखडा असलेला तुकडा, आहे, डीएनएच्या जेमतेम ४२ अक्षरांचा. स्प्लायसिंग करताना, म्हणजे जनुकाच्या नकलेतले असे तुकडे जोडताना, पेशी तो कधी ठेवते, कधी गाळते. ठेवला की पुढच्या तुकड्यात ऐन मोक्याच्या जागी १४ अमिनो आम्लं जादा घुसतात, त्याची पकड सुटते आणि मागचा तुकडा पुढाकार घेतो. या मागच्या तुकड्याला डीएनएवरचा निराळाच क्रम लागतो. म्हणजे जनुक एक, प्रथिनं दोन, आणि दोघं ज्यांच्यावर हुकूम चालवतात ती जनुकंही बरीचशी वेगळी. उंदरात फक्त हा ५ए काढून टाकला तर डोळा बनतो, पण बुबुळाचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, नीट वाढत नाही. शिवाय जनुकाच्या पोटात, एका इंट्रॉनमध्ये (एक्झॉनांमधल्या गाळल्या जाणाऱ्या भागात), आणखी एक प्रमोटर, म्हणजे वाचन सुरू होण्याची जागा, दडलेला आहे. वाचन तिथून सुरू झालं तर पेअर्ड डोमेन नसलेलंच प्रथिन तयार होतं.

आता 'किती' याकडे येते. पॅक्स६च्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की अ‍ॅनिरिडिया होतो: आयरिस जवळजवळ नसते, दृष्टिपटलाचा मध्यबिंदू नीट बनत नाही, डोळे सतत हलत राहतात, पुढे मोतीबिंदू, काचबिंदू, कॉर्नियाचा त्रास मागे लागतो. साधारण ४०,००० ते १,००,००० जन्मांमागे एक असं प्रमाण. दुसरी प्रत धडधाकट असते बरं का! ती आपलं काम चोख करते, पण निम्म्या प्रथिनात भागत नाही. दोन्ही प्रती गेल्या तर उंदराचं पिल्लू डोळे आणि नाकाविना जन्मतं आणि जन्मताच मरतं. माणसातही अशी मोजकी बाळं नोंदली गेली आहेत, तीही बहुतेक जगली नाहीत.

मग जास्त असलेलं बरं का? १९९६ मध्ये माणसाचं पॅक्स६ आसपासच्या भागासकट, एकूण ४२० हजार अक्षरांचा सलग डीएनए, उंदरांमध्ये घातला गेला. ज्या उंदरांकडे स्वतःची प्रत कमी होती त्यांचे डोळे सुधारले. पण त्याच डीएनएच्या जादा प्रती धडधाकट उंदरांत गेल्या तेव्हा त्यांचे डोळे बिघडले. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही.

पुढे मेंदूवर लिहीनच, आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

शंकेखोर

छान सुरुवात. माशीच्या पायावर डोळा उगवला होता तो याच जनुकामुळे ना? शाळेत सरांनी सांगितलं होतं, तेव्हा थाप वाटली होती.

तिरीप

थाप नाही. १९९५, हाल्डर, कॅलार्ट्स आणि वॉल्टर गेरिंग. फळमाशीत पॅक्स६चा जो भाऊबंद आहे तो त्यांनी अळीच्या अशा ऊतींत चालू केला ज्यांपासून पुढे पाय, पंख आणि मिशा बनतात. तिथे डोळे उगवले. मग माशीच्या जनुकाऐवजी उंदराचं पॅक्स६ वापरलं, तरी डोळे आले. आणि ते उंदराचे नव्हेत, माशीचे, बारीक बारीक कप्प्यांचे संयुक्त डोळे! उंदराच्या प्रथिनाने 'डोळा कर' एवढाच हुकूम दिला. कसला डोळा ते माशीच्या बाकीच्या जनुकांनी ठरवलं.

पेशीवाली

तिरीप, इथे थोडं थांबवते. या प्रयोगानंतर पॅक्स६ला 'डोळ्याचं मास्टर जनुक' म्हणायची टूम निघाली, ती मला पटत नाही. एक तर माशीच्या अळीत ते कुठेही चालू करा, डोळा काही ठराविक ठिकाणीच उगवतो. त्या पेशी आधीपासून तयारीत असाव्या लागतात. दुसरं, साखळीत त्याच्या पुढे असलेली काही जनुकं नको तिथे चालू केली तरीही डोळा येतो, आणि ती उलट पॅक्स६च्या भाऊबंदालाच जागं करतात. म्हणजे वरून खाली हुकूम असा प्रकार नाही, सगळी एकमेकांना धरून असलेली टोळी आहे.

डोळ्यातल्या भिंगाचंच बघा. कोंबडीच्या गर्भात भिंगाचं एक प्रथिन बनवणारं जनुक चालू करायला पॅक्स६ एकटं पुरत नाही. शेजारच्याच जागी सॉक्स२ नावाचं दुसरं प्रथिन बसावं लागतं, दोघं मिळून डीएनए घट्ट धरतात, तेव्हा काम होतं. पॅक्स६ आणि सॉक्स२ एकत्र असले तर भिंग. तेच पॅक्स६ दुसऱ्या जोडीदारांबरोबर असलं तर चेतापेशी, किंवा स्वादुपिंडातली पेशी. एकाच प्रथिनाने तीन अवयव कसे साधले, याचं निम्मं उत्तर जोडीदारांत आहे.

(सॉक्स२ची रचना पॅक्स६च्या अगदी उलट टोकाची, सगळं प्रथिन एकाच एक्झॉनमध्ये. स्प्लायसिंगची भानगडच नाही. तरीही त्याची एक प्रत गेली की डोळे बनतच नाहीत किंवा अगदी बारीक राहतात. तेव्हा गुंतागुंतीची रचना म्हणजे महत्त्वाचं जनुक असं समीकरण कुणी मांडू नये.)

रानवारा

वाचतोय. मेंदूचं येऊ द्या लवकर.

तिरीप

पेशीवाली, जोडीदारांचा मुद्दा मान्यच. 'मास्टर' म्हणायचं की नाही यावर मी भांडणार नाही. दोन्ही प्रती गेल्या तर डोळा बनतच नाही, एवढं माझ्या मुद्द्याला पुरतं.

रानवारा, मेंदू घ्या. गर्भाच्या मेंदूत पुढे जिथे प्रमस्तिष्काचं बाह्यक, म्हणजे मोठ्या मेंदूचा बाहेरचा थर, बनतं, तिथे आतल्या पोकळीला लागून मूळपेशींचा थर असतो. त्यांना रेडियल ग्लिया म्हणतात. त्या लांबलचक असतात, एक टोक आत पोकळीपाशी, दुसरं बाहेरच्या पृष्ठभागापाशी. नव्या चेतापेशी त्यांच्याच अंगाखांद्यावरून बाहेर सरकतात. या मूळपेशींच्या केंद्रकांत पॅक्स६ भरपूर असतं. त्यातली एखादी पेशी विभागली आणि तिच्या लेकीने मूळपेशीपण सोडायचं ठरवलं की पॅक्स६ ओसरतं आणि टीबीआर२ नावाचा दुसरा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर चढतो. ही मधली पेशी. तिच्यापासून चेतापेशी झाली की टीबीआर२ उतरून टीबीआर१ येतं. गर्भाच्या मेंदूचा पातळ छेद घेऊन ही तिन्ही प्रथिनं वेगवेगळ्या रंगांत उजळवली तर आतून बाहेर एकावर एक तीन पट्टे दिसतात, कडा जरा एकमेकींत मिसळलेल्या. पेशीचा अख्खा प्रवास एका छेदात दिसतो. आणि यात टीबीआर२ला चालू करणाऱ्यांत खुद्द पॅक्स६च असतं, म्हणजे ते आपला वारसदार स्वतःच नेमून निघून जातं.

पॅक्स६ नसलेल्या उंदरात मूळपेशींचं हे गणित विस्कटतं. त्यांचा साठा लवकर खर्ची पडतो, आणि बाह्यकाचे वरचे थर, जे सगळ्यात शेवटी बनतात, ते अपुरे राहतात.

मुद्दा नुसता आहे की नाही एवढाच नाही. बाह्यकात पॅक्स६ सगळीकडे सारखं नसतं. पुढच्या आणि बाहेरच्या बाजूला जास्त, मागे आणि मध्याकडे कमी. ईएमएक्स२ नावाच्या दुसऱ्या जनुकाचा उतार बरोबर उलटा. या दोन उतारांवरून पेशीला आपण कुठे आहोत ते कळतं. पॅक्स६ काढलं की पुढचे भाग आक्रसतात आणि मागचा दृष्टीचा भाग पुढे पसरतो, नकाशाच सरकतो.

मज्जारज्जूतलं उदाहरण मला त्याहून आवडतं. तिथे खालच्या कडेकडून सॉनिक हेजहॉग हे प्रथिन पसरतं, खाली दाट, वर विरळ. म्हणजे संदेश धूसर, कुठेही रेघ नाही. खाली जिथे ते दाट, तिथल्या पेशींत एनकेएक्स२.२ नावाचं जनुक चालू होतं, त्याच्या वर पॅक्स६ टिकून राहतं, आणि ही दोघं एकमेकांना बंद पाडतात. दोघं एका पेशीत फार काळ नांदू शकत नाहीत. परिणामी धूसर उतारातून एक धारदार सीमा निघते. तिच्या एका बाजूला स्नायूंना हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशी, दुसऱ्या बाजूला निराळ्याच जोडचेतापेशी. पॅक्स६ गेलं की सीमा वर सरकते आणि प्रेरक चेतापेशींच्या जागेत अतिक्रमण होतं.

शंकेखोर

मग ज्यांच्यात एकच प्रत आहे त्या माणसांच्या मेंदूवर काहीच परिणाम नाही? अ‍ॅनिरिडियाला तर सगळे डोळ्यांचाच आजार म्हणतात.

पेशीवाली

परिणाम असतो, पण शोधावा लागतो. अ‍ॅनिरिडिया असलेल्यांचे एमआरआय पाहिल्यावर मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा एक छोटा पट्टा, अँटिरियर कॉमिशर, काहींत लहान तर काहींत नाहीच असं आढळलं. काहींत पिनियल ग्रंथी नव्हती. अनेकांची वासाची जाणीव कमी असते आणि त्यांना स्वतःला ते ठाऊकही नसतं! डोळ्यांची तक्रार एवढी मोठी की नाकाबद्दल कुणी विचारतच नाही.

अर्धाकप

शीर्षकात स्वादुपिंड लिहून तिरीपबाई सोयीस्कर विसरल्या आहेत :)

तिरीप

विसरले नाही, रांगेत होतं. स्वादुपिंडात संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची बेटं असतात, तिथे पॅक्स६ लागतं. दोन्ही प्रती नसलेल्या उंदरांत ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी जवळजवळ बनतच नाहीत, इन्शुलिनवाल्या बीटा पेशीही कमी पडतात. इन्शुलिन आणि ग्लुकागॉन या दोन्ही जनुकांच्या प्रमोटरवर पॅक्स६ थेट जाऊन बसतं. अ‍ॅनिरिडिया असलेल्या काही जणांत रक्तातली साखर नीट आवरली जात नाही, ते याच्याशी जुळतं.

सावली_७

मी सहसा फक्त वाचते, पण आज विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्या नात्यातल्या एका बाळाला अ‍ॅनिरिडिया आहे, घराण्यात आधी कुणाला नाही. जनुकीय चाचणी केली, अहवालात लिहिलंय की पॅक्स६च्या एक्झॉनमध्ये दोष आढळला नाही. तिथे विचारलं तर 'म्हणजे जनुक ठीक आहे' एवढंच उत्तर मिळालं. जनुक ठीक असेल तर बाळाला हे का झालं? आईबाप चक्रावून गेलेत.

गुणसूत्री

सावली, मी जनुकीय चाचण्यांच्या क्षेत्रात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'एक्झॉनमध्ये दोष नाही' आणि 'जनुक ठीक आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावरून दुसरं निघत नाही.

एक्झॉन वाचणाऱ्या नेहमीच्या चाचणीत अक्षरांची अदलाबदल दिसते. पण एका प्रतीतून अख्खं जनुकच उडालं असेल तर उरलेली प्रत स्वच्छ वाचली जाते आणि अहवाल निर्मळ येतो. त्यासाठी प्रती मोजणारी चाचणी लागते, एमएलपीए किंवा मायक्रोअ‍ॅरे. हे आधी करून घ्या, आणि यात दिरंगाई नको. कारण पॅक्स६च्या शेजारीच, त्याच भुजेवर, डब्ल्यूटी१ नावाचं जनुक आहे. तुटलेला तुकडा मोठा असेल तर दोन्ही एकदम जातात. त्याला डब्ल्यूएजीआर सिंड्रोम म्हणतात आणि त्यात मुलाला मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. घराण्यात आधी कुणालाही नसताना अ‍ॅनिरिडिया घेऊन बाळ जन्मलं तर हे तपासायचंच असतं. जोवर डब्ल्यूटी१ शाबूत असल्याचं कळत नाही तोवर डॉक्टर मूत्रपिंडाची सोनोग्राफी ठराविक अंतराने, बहुधा दर तीन महिन्यांनी, करायला सांगतात. डब्ल्यूटी१ गेलेलं निघालं तर ती साधारण आठव्या वर्षापर्यंत चालू ठेवतात. लवकर सापडला तर या ट्यूमरवर चांगले उपचार आहेत.

डब्ल्यूटी१ आणि पॅक्स६ दोन्ही शाबूत निघाली तरी अजून एक शक्यता उरते, आणि तिरीपच्या धाग्याचा खरा गाभा मला तिथे वाटतो. पॅक्स६ कुठे-कधी चालू व्हायचं हे ठरवणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे एन्हान्सर, जनुकाच्या आसपास लांबवर विखुरलेले आहेत. भिंगासाठी एक प्रमोटरच्या वरच्या अंगाला, काही हजार अक्षरांवर. दुसरा, भिंगातही काम करणारा 'सिमो' नावाचा, जनुकाच्या खालच्या अंगाला सुमारे दीड लाख अक्षरं दूर. आणि तो बसलाय कुठे, तर शेजारच्या ईएलपी४ या भलत्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये! ईएलपी४चा डोळ्याशी संबंध नाही, फक्त त्याच्या घरात पॅक्स६चं बटण आहे. गुणसूत्र त्या दोघांच्या मध्ये तुटलं तर पॅक्स६चं एकही अक्षर न बिघडता अ‍ॅनिरिडिया होतो. अशी कुटुंबं नोंदलेली आहेत.

२०१३ मध्ये याहून नाजूक प्रकार समोर आला. एका रुग्णात ना जनुकात दोष, ना काही तुटलेलं. सिमोमधलं फक्त एक अक्षर बदललेलं. ते अक्षर नेमकं अशा जागी होतं जिथे पॅक्स६ प्रथिन स्वतः येऊन बसतं. घडणाऱ्या डोळ्यात पॅक्स६ एकदा चालू झालं की स्वतःच सिमोवर बसून स्वतःला चालू ठेवतं. ती पकड सुटली, आणि चालू झालेलं जनुक टिकेना.

तेव्हा मायक्रोअ‍ॅरेच्या अहवालात फक्त पॅक्स६ नाही, ईएलपी४चा भागही पाहिला आहे का, हे जनुकीय सल्लागाराला स्पष्ट विचारा. आणि आईवडिलांचीही चाचणी करून घ्यायला सांगा, पुढच्या मुलाबद्दल बोलायचं तर ते लागतं. या बाळाला पुढे मूल झालं तर त्याला हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के, ते मात्र दोष कुठेही असला तरी तेवढंच.

सावली_७

इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीबद्दल तर अक्षरही नाही. आजच त्यांना फोन करते.

अर्धाकप

मस्करी बाजूला ठेवून विचारतो. भिंगासाठी दोन-दोन एन्हान्सर कशाला? एकाने भागत नाही?

गुणसूत्री

उंदरात वरच्या अंगाचा एन्हान्सर काढून टाकला तर भिंग बनतं, पण लहान आणि उशिरा. पूर्ण गायब होत नाही. जिन्यातल्या दिव्याला वर-खाली दोन बटणं असतात तसं काहीसं, फरक इतकाच की इथे दोन्ही दाबलेली असली तरच पुरेसा उजेड पडतो.

खवट

सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण शेवटी रुग्णाच्या पदरात काय? प्रत बिघडली ती बिघडलीच ना?

पेशीवाली

पदरात आज निदान आहे, आणि ते क्षुल्लक नाही. वरचा सावलीचा प्रतिसाद वाचा.

उपचारांचं म्हणाल तर दोष कसला आहे यावर वाट ठरते. अ‍ॅनिरिडियाचे बरेच दोष 'अकाली थांबा' प्रकारचे असतात, म्हणजे प्रथिन मधेच संपवणारी खूण चुकीच्या जागी येते. अशा वेळी अर्धवट प्रथिनदेखील फारसं बनत नाही, पेशी तो संदेशच नष्ट करते. हा खोटा थांबा ओलांडायला लावणारं औषध उंदरांमध्ये जन्मानंतर दिलं तरी डोळ्यांत सुधारणा दिसली होती. डोळा जन्मानंतरही काही काळ घडत असतो याचा तो पुरावा. माणसांवरच्या चाचणीत मात्र ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. जनुकच घालायचं म्हटलं तर तिरीपने सांगितलेली अडचण आडवी येते: जास्त झालं तरी डोळा बिघडतो.

आणि एक अक्षर बदलून पूर्ण लांबीचं पण वाकडं प्रथिन बनतं तेव्हा चित्र वेगळंच असतं. पेअर्ड डोमेनमध्ये, प्रथिनाच्या २६व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लायसिन आलं तर कॉर्निया मध्यभागी धुरकट असलेली पीटर्स विकृती, १२८व्या जागचं आर्जिनिन बदललं तर आयरिस शाबूत पण दृष्टिपटलाचा मध्यबिंदू अविकसित, अशी कुटुंबं सापडली आहेत. जनुक तेच, डोमेन तेच, पण डॉक्टरसमोर बसलेले दोन रुग्ण एकाच आजाराचे वाटणार नाहीत.

रानवारा

हे निसर्गात कुणी मुद्दाम वापरलंय का? म्हणजे पॅक्स६ कमी करून डोळा घालवायचा?

तिरीप

मुद्दाम कुणी नाही, पण घडलंय. मेक्सिकोच्या गुहांमध्ये राहणारे आंधळे मासे आहेत, त्यांचेच उजेडात राहणारे जातभाई डोळस आहेत. गुहेतल्या माशाच्या गर्भात डोळा बनायला सुरुवात होते, मग भिंगाच्या पेशी मरायला लागतात आणि डोळा आत खचून जातो. पॅक्स६चं प्रथिन बिघडलेलं नाही. वर मज्जारज्जूत आलं होतं ते सॉनिक हेजहॉग या माशांत डोक्याच्या मध्यरेषेवर जरा जास्त रुंद पसरतं, आणि तिथलं पॅक्स६ दबतं. डोळस जातभाईच्या गर्भात सॉनिक हेजहॉग कृत्रिमरीत्या वाढवलं तर त्याचेही डोळे खचतात. वाढलेल्या सॉनिक हेजहॉगमुळे जबडा आणि चवीच्या कळ्या मात्र वाढतात, म्हणजे अंधारात सौदा फायद्याचाच ठरला असणार.

अर्धाकप

गुहेतल्या माशांवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.